सावेकाकांचा काटा

निवृत्त माणसाच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, फार तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते. आमच्या सावेकाकांच्या खिशात काटा असतो. खाली हूक आणि वर आकडे दाखवणारी चौकोनी खिडकी असलेला, मुठीत मावणारा वजनकाटा. कांदे, इस्त्रीचे कपडे, कुरिअरचं पाकीट, पाहुण्यांनी आणलेला मिठाईचा पुडा, सगळं आधी त्या हुकाला लटकतं आणि मगच घरात येतं. पाहुणे बघत असले तरीही!

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. खात्याने त्यांना निवृत्त केलं, काकांनी मात्र खात्याला अजून निवृत्त केलेलं नाही. मूळचे गास गावचे, आता फुलपाड्यात आमच्या इमारतीत तळमजल्याला राहतात. "आधी माप, मग मोल" हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते पटलं नाही तर समोरच्यावर "अमान्य" असा शेरा पडतो.

अर्नाळ्याहून गेटवर मासे घेऊन येणाऱ्या हिराबाईशी त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. ती वाट्याने विकते.

"वाटा हे काय माप आहे?" काका म्हणाले. "वजनावर दे."

"मावऱ्याला आनि काटा कशाला लावता, काका? देवानं दिलेत तेवढे पुरे नाय का?" हिराबाई म्हणाली.

गेटवर हशा पिकला. काका बोंबील घेऊन गेले. पण घरी वजन केलंच. दुसऱ्या दिवशी हिराबाईच्या टोपलीसमोर हजर. "काल पैशांच्या मानाने तू मला पाव किलो जास्त घातलेस. असं करशील तर तुझं पोट कसं चालायचं?" तेव्हापासून हिराबाई त्यांच्यापुढे वाटा लावताना दोनदा विचार करते आणि जाताना काकूंची चौकशी करते.

काकू म्हणजे सुमनकाकू. आगाशीच्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय घरीही सुटली नव्हती. "अहो, तो काटा आधी स्वतःच्या जिभेला लावा!" हे वाक्य रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आम्ही त्यावर कुकर लावायचो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकू न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्यात बोटांतला जुना संधिवात उसळला. तेव्हापासून तळमजला गप्प झाला. भेटायला गेलं की काकू भिंतीकडे तोंड करून "बरं आहे" एवढंच म्हणायच्या. काका दारापर्यंत सोडायला यायचे आणि खिशातला काटा चाचपत परत जायचे. मला फार वाईट वाटायचं, पण करणार काय?

अशातच मला लॅपटॉपचं वेड लागलं. मी विम्याच्या ऑफिसात आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. आमच्या साहेबांकडे एक चंदेरी लॅपटॉप आहे, वहीसारखा पातळ. तो उघडला की माणूस आपोआप हुशार दिसतो. मला तसाच हवा होता. किंमत ऐकून नवऱ्याने नेहमीची पळवाट काढली. "सावेकाकांना विचार."

इमारतीत कुणीही महागाची वस्तू घेताना काकांना विचारतं. काका सल्ला देत नाहीत, वही देतात. शंभर पानी, दोऱ्याला पेन्सिल बांधलेली.

"आठ दिवस लिही, वैशाली. लॅपटॉपवर काय केलंस आणि किती वेळ. खोटं लिहिलंस तर मला कळतं."

आठ दिवसांनी ती वही वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसचे तक्ते, तीन तास. ईमेल, एक तास. साड्या बघणे, पावणेदोन तास, घेतली नाही. मालिकेचा हुकलेला भाग. पुन्हा साड्या. एका दिवसापुढे तर मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'चालू ठेवला, स्वयंपाक केला'.

काकांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं. हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

"मधल्या किमतीतला घे. मेमरी चांगली घे, तिथे कंजुषी करू नकोस. कीबोर्ड दुकानात बसून बडवून बघ. त्याहून वर मोजलेले पैसे लोकांनी बघावं म्हणून जातात. चंदेरी अमान्य."

काका कवडीचुंबक आहेत असं मात्र कुणी समजू नये. दुसऱ्या मजल्यावरची ज्योती लग्नांचे व्हिडिओ कापून जोडून देते. तिला याच माणसाने सांगितलं होतं, "सगळ्यात दणकट घे, कर्ज काढून घे. तुझी चूल त्यावर आहे." स्वतः सोबत गेले, लॅपटॉप हुकाला लटकवला आणि खोक्यावर छापलेल्यापेक्षा साठ ग्रॅम जास्त भरला म्हणून दुकानदाराला भर दुकानात फैलावर घेतलं. ज्योती अजून सांगते, आपले वडील असते तर असेच भांडले असते.

मी मधला घेतला. खरं सांगायचं तर तो झकास चालतो. पण साहेबांचा चंदेरी दिसला की माझ्या पोटात दुखायचं ते दुखायचंच.

दोन महिन्यांनी मी माउस आणायला, माझा लॅपटॉप घेतला होता त्याच दुकानात गेले, तर काउंटरवर सावेकाका! समोर तोच चंदेरी! दुकानातला माणूस तोंडाला फेस येईपर्यंत सांगत होता, यावर सिनेमा जोडता येतो, इमारतींचे नकाशे काढता येतात.

"ते राहू दे," काका म्हणाले आणि खिशातून काटा काढला. कापडी पिशवीत घालून लॅपटॉप लटकवला. पिशवीचं वजन वजा केलं. मग दुसरं मॉडेल. मग पुन्हा पहिलं. "नऊशे ऐंशी. हाच द्या."

मी प्रिंटरांच्या आडून सगळं बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला साड्यांवरून अमान्य करणारा हा माणूस स्वतः गुपचूप चंदेरी घेतो? काकांना ईमेलसुद्धा ज्योती उघडून देते. रात्रभर मी मनातल्या मनात भांडले. सकाळी माझी ती वही काखोटीला मारली आणि तळमजल्यावर जाऊन बेल वाजवली.

"काका, तुमची आठ दिवसांची वही दाखवा," मी दारातच म्हटलं. "चंदेरी कोणी मान्य केला?"

काकांनी दार पूर्ण उघडलं. मग बाजूला झाले. "आत ये."

आतल्या खोलीत काकू उशांना टेकून, अर्धवट आडव्या होत्या. मांडीवर चंदेरी लॅपटॉप. पडद्यावर केळव्याच्या त्यांच्या धाकट्या बहिणीचं अर्धंच कपाळ दिसत होतं, आणि काकू आपल्या वाकड्या बोटांनी त्याच पडद्यावरचा पत्त्यांचा डाव सरकवत तिला काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या. त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

"फोनची अक्षरं तिच्या बोटांना सापडत नाहीत," काका पुन्हा बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले. "टॅबलेट धरून ठेवावा लागतो. पलंगावर टेबल लावलं तर हात वर उचलवत नाहीत. आमचा जुना लॅपटॉप मांडीवर ठेवला तर अडीच किलो, वर तापतो. तिची वही केली असती तर तुझ्यासारखीच निघाली असती. पत्ते, बहीण, पत्ते. तिच्या कामाला सगळ्यात स्वस्त लॅपटॉपसुद्धा पुरला असता. पण मांडीला पुरला नसता ना."

मी काखोटीतली माझी वही पाठीमागे लपवली आणि उगाच पदराशी चाळा करत उभी राहिले.

टेबलावर पितळी वजनांची पेटी उघडी होती. काका निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेली. शेजारी एक वही. "बघ," काका म्हणाले, "तू मागितलीस ना?"

पानावर तारखा होत्या आणि त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत नोंदी. उशीच्या अभ्र्यात वजनं घालून ते रोज काकूंच्या मांडीवर अर्धा तास ठेवत होते.

'पाचशे ग्रॅम. ठीक म्हणाली. मान्य.'

'आठशे. ठीक म्हणाली. मान्य.'

'एक हजार. ठीक म्हणाली. पाय हलवला नाही. मान्य.'

'अकराशे. ठीक म्हणाली. ओठ चावला. अमान्य.'

त्याखाली एक ओळ होती, मध्येच त्यांच्या गासच्या बोलीत घसरलेली. 'विचारलं, खरा सांग, कोनाला फसवते? रडली. यापुढे हजाराच्या वर नाही.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. बत्तीस वर्षं दुकानदारांना पुरून उरलेला हा माणूस रोज सकाळी बायकोच्या चेहऱ्यावरचा आकडा वाचत बसला होता.

"चार महिने माझ्याशी भांडली नाही गं," काका हळूच म्हणाले. "घर खायला उठतं."

तेवढ्यात आतून काहीतरी आपटल्यासारखा आवाज झाला. काकू बहुधा डाव हरल्या होत्या, किंवा आमची कुजबुज त्यांना ऐकू गेली होती.

"अहो! ती वही दाखवलीत ना तिला? काही लाजबीज आहे की नाही? तो काटा आधी स्वतःच्या जिभेला लावा!"

वर कुणाची तरी खिडकी उघडली. जिन्यावरून ज्योतीचा आवाज आला, "काकू बोलल्या का?" आणि आणखी वरून, तिसऱ्या मजल्यावरून, माझ्या नवऱ्याने ओरडून विचारलं, "वैशाली, कुकर लावू का?"

काकांनी माझ्या हातातून आपली वही घेतली. दोऱ्याची पेन्सिल शोधली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि नवीन ओळीवर लिहिलं.

'साडेदहा. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. मान्य.'