भरपूर हा आकडा नाई

शेषरावजी भेटले की तब्येतपाणी विचारत नाहीत, सरळ हात पुढे करतात. नवख्या माणसाला वाटतं, हात मिळवायचा आहे, म्हणून तो आपला हात देतो. शेषरावजी तो हात बाजूला सारतात आणि म्हणतात, "फोन द्या. किती खाली हाये पाहू."

खाली म्हणजे रिकामा. पांढुर्ण्यात आम्ही बोलतो मराठीच, पण राज्य मध्य प्रदेशाचं, त्यामुळे हिंदी शब्द आमच्या बोलण्यात बिनदिक्कत येऊन बसतात. तर फोन हातात पडला की कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, सेटिंग उघडतं, स्टोरेज उघडतं आणि तुमचा निकाल लागतो. "चौसष्टातले एकसष्ट भरले. चालन कसा?" असं ते ज्या स्वरात म्हणतात, त्या स्वरात मी माझ्या वर्गातल्या नापास मुलांनाही कधी बोललेले नाही, आणि मी काही फार गोड मास्तरीण नाही.

कोणी चलाखी करून म्हणालं, "काकाजी, माझ्या फोनात जागा भरपूर आहे," की त्याची शंभर वर्षं भरली. "भरपूर हा आकडा नाई," शेषरावजी म्हणतात. "अंदाज नोका सांगू. आकडा सांगा."

हे आकड्याचं वेड त्यांना धंद्याने दिलं. तिगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक धरमकाटा आहे, म्हणजे अख्खा ट्रक चढवून वजन करायचा काटा. तिथे त्यांनी बत्तीस वर्षं काढली. हंगामात कापसाच्या गाड्या, मग संत्र्याच्या. गाडी आधी भरलेली तोलायची, मग खाली करून तोलायची, आणि दोन्ही वजनं पर्चीवर लिहून द्यायची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी गाव त्यांना शेषराव काटेवाले म्हणूनच ओळखतं. त्यांना काटा सोडवला नाही, म्हणून गेल्या दोन वर्षांत त्यांनी आमचे फोन तोलायला घेतले.

तोलतात तेही रीतसर. फोन आधी भरलेला पाहायचा, मग साफ करायचा, मग पुन्हा पाहायचा. साफ म्हणजे काय, तर सकाळच्या शुभेच्छांची फुलं, कोणाच्या तरी जावळाचे तेच ते चाळीस फोटो, आणि हळदीने सगळे रोग बरे करणारे व्हिडिओ काढून टाकायचे. प्रत्येक गोष्ट मालकाला विचारून काढतात, हे मात्र कबूल करते. शेवटी वहीचा चतकोर कागद फाडून त्यावर लिहितात: भरती इतके, खाली इतके, फरक इतका. खाली सही. माझ्या टेबलाच्या खणात अशा अकरा पर्च्या आहेत. फेकायला गेलं की ते विचारतात, "मागची पर्ची कुठं हाये?"

रॅम आणि स्टोरेज यांतला फरक तर ते भाजीबाजारात उभं राहून समजावतात. "स्टोरेज म्हंजे गोदाम. रॅम म्हंजे काट्याचा ओटा. गोदाम किती बी मोठं असू द्या, ओट्यावर एका वेळी एकच गाडी चढते. तुम्ही चार गाड्या चढवून राहिले अन् म्हणता फोन अटकून राहिला." भाजीवाली हे तिसऱ्यांदा ऐकत असते. तिला आता पाठ झालं आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की ती दुसऱ्यांना समजावते.

दोन दिवाळ्यांमागे मी नवा फोन घेतला तेव्हा यजमानांना काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी शेषरावजींना दुकानात सोबत घेतलं. दुकानदाराने अदबीने कोरं खोकं फोडलं, फोन चालू केला. शेषरावजींनी तो माझ्याही आधी हातात घेतला आणि थेट स्टोरेज उघडलं. मग खोक्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं चौसष्ट लिहलं हाये. खाली सत्तेचाळीसच काऊन? हे सतरा कोनाचे?"

"काकाजी, ते सिस्टीमचे असतात," दुकानदार म्हणाला.

"सिस्टीम कोन? मालक हाये का? बोलवा त्याले."

दुकानदाराने घाम पुसत सांगितलं की सिस्टीम कोणी माणूस नाही, फोन चालायलाच तेवढी जागा लागते. शेषरावजींनी चष्मा कपाळावर चढवला. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजे गाडीचं वजन मालात धरलं तुम्ही. मी काट्यावर असं केलं असतं तं लोकाइनं मले काट्यालेच बांधलं असतं."

खरं सांगायचं तर हिशोब चोख होता. दुकानदाराने कव्हर फुकट देऊ केलं, तर शेषरावजींनी ते नाकारलं आणि त्याच्याच स्केचपेनने खोक्यावर लिहून घेतलं, "खाली ४७". ते खोकं आमच्या कपाटावर आहे. पुढचा सगळा आठवडा मी त्या दुकानापुढून मान खाली घालून गेले.

याहून मोठी शोभा रामाकोना गावी झाली. आमच्या एका नातलगाची तेरवी होती, आणि जीपमध्ये जागा होती म्हणून शेषरावजी आले. मयताचा मुलगा दारात उभा राहून फोन झटकत होता, कारण स्क्रीन अटकून बसली होती. शेषरावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, दोन शब्द सांत्वनाचे बोलतील. ते म्हणाले, "किती खाली हाये?" पंगत वाढलेली, भटजी खोळंबलेले, आणि हे दोघं ओसरीवर. "सगळ्याइनं श्रद्धांजलीचा एकच दिवा पाठवला बापा. हा दिवा दोनशे खेप कायले ठेवतो? एक ठेव." भात थंड झाला. मुलाला पर्ची मिळाली. तेरवीच्या दिवशी पर्ची देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता थोडं त्यांच्या घरचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई एका म्हाताऱ्याच्या हात धुऊन मागे लागली आहे.

शेषरावजींची बायको लवकर गेली. मुलगी एकच, वर्षा. ती माझ्या वर्गात होती. शाळा सुटली की घरी न जाता काट्यावर जायची, कारण घरी कोणी नव्हतं. ट्रक काट्यावर चढला की बाप विचारायचा, "किती?" आणि ही खिडकीत बसून काट्यावरचा आकडा खणखणीत वाचायची, शेवटच्या दहा किलोंपर्यंत. ड्रायव्हर लोक मुद्दाम म्हणायचे, पोरगी असली तरच गाडी चढवतो. ती गणितात कधी चुकली नाही. पुढे सौंसरला नोकरीला लागली आणि तिथेच, पाच वर्षांपूर्वी, स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा लोधीखेड्याचा, बौद्ध, तिच्याच ऑफिसातला, सरळ आणि शांत. शेषरावजींनी त्याला पाहिलंही नाही. जात ऐकली आणि न तोलताच परत पाठवला. जन्मभरात त्यांनी अंदाजाने केलेलं ते एकच वजन, आणि तेच साफ चुकलं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा ते चार महिने माझ्याशी बोलले नव्हते. सौंसर इथून तासाभराचा रस्ता, पण ते लग्नाला गेले नाहीत, नंतरही नाहीत, आणि वर्षाचं नाव निघालं की माझा फोन मागतात.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेला फर्मान आलं की हजेरी आता फोनवर लावायची. त्यासाठी काहीतरी नवीन ॲप घ्यायचं होतं, आणि माझा फोन म्हणाला, जागा नाही. रविवारी सकाळी मी शेषरावजींच्या ओसरीवर हजर झाले. त्यांनी फोन घेतला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"मॅडम, एक पॉइंट दोन. हा फोन हाये का भाद्रपदातला नाला?"

फुलं गेली, दिवे गेले, हळद गेली. तरी जागा पुरेना, कारण उरलेले सगळे शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ होते आणि ते मला हवे होते. मी म्हटलं, "असं करा, हे व्हिडिओ तेवढे तुमच्या फोनात टाका. मी ॲप घेते, संध्याकाळी कॉम्प्युटरवर उतरवून घेते. तुमचा तर खालीच आहे."

शेषरावजींनी आपला फोन उचलून खिशात ठेवला.

"माह्या फोनात नाई."

"अहो, दोन जीबी. संध्याकाळपर्यंत."

"दोन नाई, पाव बी नाई. ते जागा ठेवली हाये."

आता मला राग आला. सगळ्या गावाचे फोन हा माणूस उघडून बघतो, लोकांच्या तेरव्यांत घुसतो, आणि माझी दोन जीबी याला जड झाली. मी आवाज चढवून म्हटलं, "कोणासाठी ठेवली आहे? कलेक्टर येणार आहेत का राहायला?"

शेषरावजींनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्यांचा फोन मी पहिल्यांदा धरत होते. आत काही नव्हतं. एक फोटो नाही, एक फूल नाही. मेसेजमध्ये एकच नाव होतं, वर्षा. त्या नावाखाली एकच धुरकट चौकोन, त्यात काहीतरी पिवळं, बहुतेक झबलं. बाजूला तारीख, दोन वर्षांपूर्वीची. खाली तिने लिहिलं होतं, "बाबा, ही चालायला लागली."

मी चौकोनावर बोट दाबलं. व्हिडिओ आता मिळत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, अशी सूचना आली.

"तवा फोन गळ्यापर्यंत भरला होता माहा," शेषरावजी अंगणाकडे पाहत म्हणाले. "मीच तं गावभर फुलं पाठवत होतो. हे आलं, अन् उतरेचना. जागा नाई म्हणे. जागा कशी करतेत मले काय मालूम? कोनाले इचारलं असतं तं सांगा लागलं असतं, पोरीचा व्हिडिओ हाये म्हणून. मंग गाव म्हणलं असतं, आला ना शेषराव ठिकाण्यावर. म्हणून स्वतःच शिकलो, एकेक बटन दाबून. पंधरा-वीस दिवस लागले. जागा झाली, तं हे गेलं होतं."

"मग पुन्हा पाठव म्हणायचं."

"कोन्या तोंडानं? तिकडं तिले निळी खूण दिसली ना, बापानं वाचलं म्हणून. ते हेच समजून बसली असन का नात चालतानी पाह्यली अन् बापानं दोन शब्द बी नाई लिहले."

मी ज्याची दोन वर्षं टिंगल केली ते सगळं एकदम माझ्यापुढे आलं. भाजीबाजारातली व्याख्यानं, त्या पर्च्या, ओसरीवर थंड झालेला भात. कोणाचा फोन भरलेला पाहून त्यांचा जीव इतका वरखाली का व्हायचा, ते आता समजलं आणि मला माझी लाज वाटली. त्यांची दया आली असं नाही म्हणणार. पाच वर्षांचा अबोला त्यांनी स्वतः कमावला होता. पण त्यांच्या पोरीला दोन वर्षं चुकीचा आकडा ठाऊक होता, हे मला सहन होईना.

"मी लिहिते," मी म्हटलं.

त्यांनी नाही म्हटलं नाही. मी मास्तरीण, मी चांगला दहा ओळींचा मजकूर लिहिला, त्यात पश्चात्ताप घातला, जावयाला आशीर्वाद घातले, नातीला पापा घातला. शेषरावजींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "इतकं नोका. जागा घेते." अक्षरांना जागा लागत नाही, हे गावाला तेच शिकवत आले होते. पण मी वाद घातला नाही. त्यांनी एकेक ओळ खोडली. फक्त जावयाच्या ओळीवर बोट थांबलं. मग तीही खोडली आणि त्याऐवजी स्वतः, एकेक अक्षर शोधत, लिहिलं: "वर्षा, तवा फोन भरला होता. पाह्यलाच नाई. आता जागा हाये. पाठव. तिघाइचा पाठव."

मेसेज गेला. मी माझा भरलेला फोन घेऊन उठायला हवं होतं, पण उठले नाही. त्यांनी चहा केला, साखर दोनदा घातली. आम्ही तो तसाच प्यायलो. मी हजेरीच्या ॲपला शिव्या दिल्या. ते हं हं म्हणत राहिले आणि पडवीच्या कठड्यावर ठेवलेल्या फोनकडे बघत राहिले.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. मला म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. एकच शब्द होता. "किती?"

शेषरावजींनी माझ्या हातातून फोन घेतला. डोळ्यांतलं पाणी शर्टाच्या बाहीला पुसलं आणि चष्मा लावला. मी म्हटलं, "लिहा ना, भरपूर आहे म्हणून."

"भरपूर कायले?" ते म्हणाले. "आकडा मागून राहिली ते." आणि रोज सकाळी उठल्याबरोबर जो आकडा पाहत होते तो पुन्हा एकदा पाहण्यासाठी त्यांनी सेटिंग उघडलं.