अर्धवट राहिलेला 'न'

या लेखापुरता प्रश्न एकच आहे: घंटा ऐकताच अर्ध्या अक्षरावर खडू ठेवून उठणारे ब्रदर अन्सेल्म एका दुपारी घंटा ऐकूनही बोलत का राहिले?

ब्रदर बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे संन्यासी आहेत, मूळचे केरळचे. झरी गावाच्या पुढे, आमच्या गावाबाहेर त्यांचा छोटा मठ आहे. शेजारच्या शाळेत ते इतिहास शिकवतात आणि मी मराठी. 'अन्सेल्म' हे नाव गावाच्या जिभेवर बसले नाही. आठवडाभरात त्याचे 'असलम गुरुजी' झाले. एरवी दुरुस्तीचा त्यांना भारी शौक, पण हे त्यांनी दुरुस्त केले नाही. आज ऊन जास्त आहे, असे म्हटले तरी ते विचारणार, "सबूत?"

त्यांच्या पंथाची शिस्त अशी की, प्रार्थनेची घंटा झाली की हातातले काम आहे तिथेच सोडायचे. मठाची घंटा स्वयंपाकीण गयाबाई वाजवतात. बाराचा टोल पडला की फळ्यावर 'औरंगजे' एवढेच उरते. एकदा ते एका मुलीच्या वहीवर 'फार वाईट' असा शेरा लिहीत होते. घंटा झाली आणि वहीत राहिले 'फार वा'. तिच्या वडिलांनी ते "फार! वा!" असे वाचून शाळेत पेढे आणले. ब्रदरांनी पेढा खाल्ला; 'ईट' मात्र लिहिले नाही.

पुढे त्यांनी गावाचा इतिहास लिहिला. हस्तलिखित तपासायला माझ्याकडे आले. जुन्या विहिरीच्या पानावर वाक्य होते, 'ती विहीर देशमुखांची न'. वाक्याच्या शेवटी एक एकटा 'न'. शुद्धलेखनाच्या नियमाने मी तो खोडला आणि पूर्णविराम दिला. पुस्तक छापून झाले.

यंदाच्या उन्हाळ्यात दत्तराव देशमुखांनी त्या विहिरीला तारेचे कुंपण घालायचे ठरवले. हिराबाईंची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पाणी पीत आली होती. त्या रडत ब्रदरांकडे आल्या, "गुरुजी, उद्या तार ठोकायलेत. मेंढरं घेऊन कुठं जाऊ मी?"

दुसऱ्या दिवशी, तार ठोकण्याआधी, ग्रामसभा अकराला बसली. दत्तरावांनी पुस्तक उंच धरले.

"आमी काय घरचं सांगायलोत का? असलम गुरुजींच्याच बुकात छापलंय!"

मग त्यांनी पाणंद रस्त्याचा विषय काढला, दिवाबत्तीचा काढला, चहा मागवला. ब्रदरांना बोलायची संधी मिळाली तेव्हा बाराला चार मिनिटे कमी होती. दत्तराव घड्याळाकडे पाहून हसले. बाराला ब्रदर उठणारच, हा त्यांचा हिशेब मला तेव्हा कळला.

ब्रदरांनी निजामाच्या काळातला उर्दू कागद उलगडला. प्रत्येक शब्द आधी उर्दूत, मग मराठीत, अशी त्यांची पद्धत. मागून कोणी ओरडले, "गुरुजी, जरा बिगीबिगी!" ब्रदर म्हणाले, "घाईत सबूत सांडतो."

"विहीर गावच्या समस्त जनावरांसाठी खोदली," त्यांनी वाचले. "म्हणजेच ती विहीर देशमुखांची न..."

टोल पडला.

ब्रदर थांबले. कागदाची घडी घालण्यासाठी त्यांची बोटे वळलीसुद्धा.

"जावा गुरुजी, देव वाट पाहायलाय," दत्तराव म्हणाले.

हिराबाईंनी पदर तोंडात धरला. दुसरा टोल पडला, तिसरा पडला.

"...व्हती," ब्रदर म्हणाले. "नव्हती. पुस्तकातली चूक माझी. शब्द मी अर्धा टाकला."

तो 'न' खोडणारा हात कोणाचा, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. शेवटी मीच उठून सांगितले. सभेत गलका झाला. कागद हातोहात फिरला, उर्दू जाणणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी तो वाचला, आणि सरपंचांनी तार परत पाठवायला सांगितली. दत्तराव माझ्याजवळून जाताना म्हणाले, "मराठीचे मास्तर लय हुशार हायती."

माफी मागायला मी मठात गेलो. प्रार्थनागृहात समोरासमोर दोन बाक आहेत. एक ओळ या बाकाने म्हणायची, पुढची त्या बाकाने. थॉमस नावाचे थोरले ब्रदर दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या दफनाला मी गेलो होतो, पण त्यानंतर त्यांच्या ओळी कोण म्हणते, हे मी कधी विचारले नाही.

ब्रदर अन्सेल्म डाव्या बाकावर बसून एक ओळ म्हणत. मग गुडघ्यांवर हात टेकून उठत, उजव्या बाकावर जाऊन बसत आणि स्वतःलाच उत्तर देत. पुन्हा उठत.

मी दारातूनच विचारले, "आज घंटेचा नियम मोडलात?"

"आधी हिराबाईंनी बोलावले होते," ते म्हणाले. मग प्रार्थनेचे पुस्तक माझ्यापुढे धरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. मी उजव्या बाकावर बसून ती वाचली.

"'ळ' नीट म्हणा," ब्रदर म्हणाले. पण या वेळी ते उठले नाहीत.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, असे मला वाटते. पण मी एकदा चुकलेलो आहे. माझ्यावर विसंबू नये. मठाचे दार उघडे असते. वाचकांनी बाराच्या आत यावे, एका बाकावर बसावे आणि स्वतः तपासून घ्यावे.