नानांची मगर

यशवंत नाना पाण्याला इतके भितात, की आंघोळीला बसतानाही बादली हातभर लांब ठेवतात. हे त्यांनीच मला सांगितलं. "पानीसंगे मस्करी नही, ताई," असं म्हणून ते तांब्यातल्या पाण्याकडेसुद्धा संशयाने बघत घोट घेतात. आणि हाच माणूस धुळ्यातल्या आमच्या कॉलनीमागच्या तळ्यावर सकाळ-संध्याकाळ मुक्काम ठोकून असतो. अर्थात काठापासून चांगलं लांब, लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून.

नाना मूळचे साक्रीकडचे. सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली. तिथे जागोजागी कवटी काढून खाली 'धोका' लिहिलेलं असतं. नानांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं असावं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "डेरिंग झाली नही."

तळं पूर्वी नुसती कचराकुंडी होतं. कॉलनीने समिती नेमली; सोनवणे भाऊ अध्यक्ष, मी सचिव. गाळ काढला, सांडपाणी वळवलं. मग वाद सुरू झाला. कुणाला तळ्याभोवती पूर्ण गोल फिरायची वाट हवी होती, कुणाला तळं कुलपात. शेवटी ठरलं, की घरांकडचा काठ लोकांचा. तिथे फरशीची वाट, बाकं. पलीकडच्या काठावर उंच पाणकणीस वाढलं होतं, तो काठ पाखरांचा. तिथे दोरी बांधायची. टिबुकल्या आल्या, पाणकोंबड्या आल्या, घरटी झाली.

पण दोरी आपल्याकडे ओलांडण्यासाठीच असते. फोटो काढायला लोक आत घुसायचे, निर्माल्याच्या पिशव्या भिरकवायचे. नाना लांबूनच ओरडायचे, "ओ भाऊ! अंडा शेतस तठे!" लोक हसायचे. एकदा एका पठ्ठ्याने घरट्यांशेजारीच मोटारसायकल धुवायला काढली. ओरडून ओरडून नानांचा आवाज बसला होता. ते त्याच्याजवळ गेले आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "भाऊ, पानीमा मगर शे."

गडी फेसाळलेली गाडी तशीच ढकलत पळाला.

नानांना फार मोठा शोध लागला. त्यांनी ही मगर अगदी जपून, फक्त दोरी ओलांडणाऱ्यांनाच सांगायची असं ठरवलं होतं. पण मगर काही दोरी मानत नाही. आठवडाभरात ती मोबाइलवर आली. कुणाची शेळी हरवली, ती मगरीने नेली. कुणी पहाटे फुत्कार ऐकला. कुणी शेपटी पाहिली. आयांनी मुलांना बाहेर सोडणं बंद केलं. संध्याकाळी गजबजणारी बाकं ओस पडली. वारा पडलेला असताना एका जागी पाणी हललं, की मीही दोन पावलं मागे सरायची. मगर नानांची आहे हे नानांनी मलाच आधी सांगितलं होतं, तरीही.

एके दिवशी नाना लिंबाखालून उठून थेट आमच्या ओट्यावर आले. चेहरा पांढराफटक.

"ताई, ती मगर मीच सोडेल शे ना?"

"हो, नाना."

"मंग काल माले कशी काय दखायनी? दोन डोया. माझ्याकडेच बघत होती."

मी हसायला हवं होतं. हसू आलं नाही. आम्ही दोघं ओट्यावरून कॉलनीच्या कुंपणापलीकडच्या काळ्या पाण्याकडे बघू लागलो.

मग सोनवणे भाऊंनी समितीची बैठक बोलावली. म्हणाले, "मगर लपते ती त्या गवतात. उद्या सकाळी जेसीबी आणतो, सगळं पाणकणीस उपटून काढू. तळं आरशासारखं स्वच्छ पाहिजे. लोकांच्या जिवापेक्षा पाखरं मोठी नाहीत."

नाना ताडकन उभे राहिले. "मगर नही शे! मी खोटं बोलनू! पाखरंसना करता!"

सोनवणे भाऊंनी उठून नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, तुमचा जीव आहे पाखरांवर, माहीत आहे. त्यांच्यासाठी तुम्ही आत्ता खोटं बोलताय, तेही कळतंय."

मी साक्ष दिली. पण फुत्कार ऐकणारा, शेपटी पाहणारा, शेळी हरवलेला असे सगळे समोर बसलेले. माझं कोण ऐकणार?

सकाळी जेसीबी आला. बघायला सगळी कॉलनी, पण सुरक्षित अंतरावर. यंत्राने दात उचलले आणि नानांनी चपला काढल्या. धोतराचा काचा मारला. मला वाटलं, काठावर आडवे होतील. ते सरळ पाण्यात शिरले.

गुडघे, मग मांड्या, मग कंबर. नानांचे हात वर होते. मी काठापर्यंत धावले.

"नाना, मागे फिरा!"

"ताई, माझ्या मागे दख. काही शे का?"

"काही नाही."

"नीट दख!"

मी नीट पाहिलं. पाणी गढूळ होतं, त्यात काहीही असू शकत होतं. "काही नाही नाना," मी म्हणाले.

"बोलत ऱ्हाय. काहीबी बोल. थांबू नको."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक भाजीचे भाव सांगितले. पाणी छातीला लागलं तेव्हा ते पाणकणसापाशी पोचले आणि एकदम गवतातून 'डुबुक्' झालं. नाना किंचाळले. अख्खी कॉलनी किंचाळली आणि पळाली, मीसुद्धा. जेसीबीवाला उडी मारून सगळ्यांच्या पुढे. पळाले नाहीत ते एकटे नाना. त्यांना हलताच येत नव्हतं.

थोड्या अंतरावर एक टिबुकली पाण्यातून वर आली आणि मान हलवत निघून गेली.

नाना गवताला धरून तसेच उभे राहिले. सोनवणे भाऊ हळूहळू परत आले. इतका वेळ पाण्यात उभ्या असलेल्या नानांना कुणीच खाल्लं नव्हतं. मग त्यांनी जेसीबीवाल्याला हाताने खूण केली, यंत्र मागे घे.

हळूहळू लोक तळ्यावर परतले. दोरीच्या जागी आता बांबूचं कुंपण आहे आणि लांबून पाखरं बघायला एक उंच ओटा.

पण मला त्याच सकाळचं सांगायचं आहे. नानांना मी त्यांच्या घरी सोडायला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. कोरडे कपडे घालून ते बाहेर आले, तरी कापत होते.

"नाना, एवढी भीती वाटते, तर रोज तळ्यावर जाता कशाला?"

"घरमा कोन शे? तठे निदान कोनावर तरी ओरडता येस." मग ते म्हणाले, "आते लोके म्हनतस मगर नही शे. शे, ताई. पंधरा-वीस दिवस एक मानूस फिरकना नही. खरंच खाई टाकं तिनी बठ्ठा लोकेसले."

मला कॉलेजात शिकवायला जायला उशीर झाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा ठेवला आणि आज भेंडी किती महाग झाली आहे, ते मोठ्याने सांगत राहिले.