पाठीवरची बेटं

सात वर्षांच्या मासोळीच्या पाठीवर बारा पुटकुळ्या उठल्या. मोत्यासारख्या चकचकीत, प्रत्येकीच्या मधोमध बारीकशी खळी. पोहण्याच्या सरांनी बघताक्षणी सांगून टाकलं, की या जाईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. तेव्हापासून ही पोर तलावाकाठच्या बाकड्यावर बसून इतरांच्या उड्या बघायची आणि घरी येऊन बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणूंमुळे होतं, मुलांत अगदी नेहमीचं. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. गारठवून काढायच्या, ते दुखतं. मलम लावायचं, ते चुरचुरतं. नाहीतर टॉवेल वेगळा ठेवायचा, खाजवायचं नाही आणि वाट बघायची. काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात आपोआप जातात.

पहिली वाट आईने बंद केली, दुसरी मासोळीने. उरली तिसरी, पण नुसतं बसून राहणं बाबांच्या रक्तात नव्हतं. ते जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढत, आणि जे कागदावर आलं नाही ते आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. दर रविवारी दुपारी त्यांनी पाहणी सुरू केली. प्रत्येक पुटकुळीभोवती कचेरीतल्या चिवट निळ्या शाईचं वर्तुळ, शेजारी क्रमांक, आणि हुबेहूब तसाच नकाशा कागदावर.

पडद्यातून आलेलं ऊन पाठीवर हलायचं. मासोळी पालथी पडून डोळे मिटायची. आपली पाठ म्हणजे समुद्र आणि बाबा त्यात बेटं मांडतायत, असं तिला वाटे. नवव्या बेटावर दीपगृह हवं, असा हट्ट तिने धरला, तर बाबांनी तेही काढून दिलं. आठवड्यात शाई पुसट होई, म्हणून नकाशा समोर ठेवून सगळं पुन्हा गिरवणं आलं. पोरीचा संथ श्वास ऐकत हात आपोआप चालायचा. हळूहळू बाबांची नजर पाठीवर कमी आणि कागदावर जास्त राहू लागली.

महिने गेले, तरी बेटं बाराच्या बारा. आई आंघोळीच्या वेळी वर्तुळं मोजून उसासा टाकायची. पोहण्याचा वर्ग संपायला दोन आठवडे उरले, तेव्हा जेवता जेवता मासोळी हळूच म्हणाली, "दुखलं तरी चालेल. गारठवून टाकूया."

बाबांनी नकाशाची घडी खिशात घातली आणि तिघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग धरलं, पाठीवरून बोट फिरवलं, दीपगृह कापसाने पुसून पाहिलं.

"उपचार कशावर करू?"

"बारा आहेत," म्हणत बाबांनी नकाशा पुढे केला.

"कागदावर आहेत. पाठीवर एकही नाही. जाऊन महिना तरी झाला असेल."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नकाशाकडे पाहिलं.

"मग ही शाई कशी घालवायची?" त्यांनी विचारलं.

"काही करायचं नाही. वाट बघायची."

दुसऱ्या दिवशी सरांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दोनदा वाचली आणि मासोळी बेटांसकट पाण्यात शिरली. निळी वर्तुळं लाटांखाली डुलत लांब जाऊ लागली. बाबा बाकड्यावर बसले होते. पोरीचे इतके दिवस आपण कोरडे घालवले, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. ते पुसताना मनगटावर काहीतरी चमकलं. चकचकीत, मधोमध खळी.

मासोळी निथळत आली. तिने मनगट नीट निरखलं, बाबांच्या खिशातलं पेन काढलं आणि काळजीपूर्वक गोल काढला.

"एक नंबर," ती म्हणाली. "आता वाट बघायची."

"आणि दीपगृह?"

"ते नवव्याला मिळतं," असं सांगून ती पुन्हा पाण्यात गेली.