अकरा बोल्टांची चोरी

“माझ्यासारखा डोळा शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, सुकलाल,” छगन म्हणाला. “आणि मला तर तसे दोन आहेत.”

सुकलाल शिंपी सुईत दोरा ओवत होता. होकार देताना त्याची मान हलली आणि दोरा हुकला. गेली चार वर्षं तो असाच होकार देत होता आणि असाच दोरा हुकत होता.

छगन जिनिंगमध्ये कापूस तोलायचा, पण ते पोटासाठी. मनाने तो गुप्तहेर होता. ‘येथे सर्व प्रकारचे गुन्हे उघडकीस आणले जातील. येताना गुन्हा सोबत आणावा,’ अशी पाटी त्याने रंगवून घेतली होती. बायकोने ती घरावर लावू दिली नाही, म्हणून ती सुकलालच्या दुकानावर लागली आणि सुकलाल आपोआप सहायक झाला. आजवर दोघांनी एकच गुन्हा उलगडला होता. हरवलेली एक शेळी आपल्या पायांनी घरी परत आली होती. छगनच्या मते, तपासाला घाबरून.

१९६२ साल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस उरले होते. अशा एका दुपारी गिरधर पाटील ग्रीसने काळे झालेले हात घेऊन दुकानात आले.

“छगनभाऊ, मन्ही मोटार कोनीतरी खाई ऱ्हायना,” ते म्हणाले.

गिरधर पाटलांची मोटार तापीकाठच्या साऱ्या गावांना ठाऊक होती. डोंगराकडच्या एका जुन्या जहागिरीच्या तबेल्यात ती तीस-बत्तीस वर्षं पडून होती. आत कोंबड्या अंडी घालायच्या. पाटलांनी ती बैल जुंपून घरी आणली आणि शपथ घेतली, की हिच्यावर उधळपट्टी करायची नाही. गावात जे पडून आहे त्यातूनच हिला उभं करायचं. केळीचं पाणी आणि उसाची तोड सांभाळून उरलेला सगळा वेळ ते मोटारीखाली असत. दिव्याच्या काचेच्या जागी लोणच्याच्या बरणीची काच आली. पायाखालची फळी मोडक्या बैलगाडीची. गाद्यांमध्ये घरचा कापूस, त्यावर सुकलालने शिवलेलं जुन्या ताडपत्रीचं कव्हर. रंग म्हणाल तर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल हिंगूळ. तो मात्र चार चाकांच्या बोल्टांना लावूनच संपला.

“रोज एक-दोन बोल्ट गायब,” पाटील म्हणाले. “आज पुढना, उद्या मागना. आखाजीले रंजनाले माहेरी आनानी शे म्हसावदथाईन. ती तठे सगळास्ले सांगी बसनी, मन्हा बाप मोटार लईसन येई म्हणून.”

“आणि मोटार गेली नाही तर?”

“तर अनुसयाबाई मोटारमा कोंबड्या बसाडी देई. तिनं खुराडानी जाळी बी आनी ठेवी शे.”

बायकोचं नाव घेताना पाटलांनी एकदा मागे वळून बघितलं. सुकलालला वाईट वाटलं. त्या गाद्यांवर त्याची दहा दुपारांची मेहनत होती, आणि कोंबड्या काय करतात ते त्याला माहीत होतं.

छगनने वही उघडली. “सुकलाल, टोपी!”

पाटलांच्या खळ्यात मोटार उभी होती. छगन तिच्याभोवती सात फेऱ्या मारून आला आणि जमिनीवर पालथा पडला. बराच वेळ तो उठला नाही, तेव्हा झोप लागली की काय, म्हणून सुकलालने त्याला हलवलं.

“पावलं!” छगन गरजला. “मोटारीभोवती सगळीकडे एकाच माणसाची पावलं. डाव्या टाचेला चार खिळे. पाटील, जोडा दाखवा.”

पाटलांनी जोडा दाखवला. डाव्या टाचेला चार खिळे होते.

“बघितलंस, सुकलाल? किती धूर्त! चोर यजमानाचे जोडे घालून येतो.”

मग बॉनेटवर काळ्या पंजाचा ठसा सापडला. छगनने पाटलांचा पंजा त्यावर ठेवायला लावला. ठसा तंतोतंत जुळला. करंगळीचं तुटकं नखसुद्धा.

छगन गंभीर झाला. त्याने पाटलांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तुमच्या मातोश्रींना जुळं झालं होतं का? एखादा भाऊ लहानपणी जत्रेत वगैरे हरवलेला?”

“नही.”

“तुम्हाला सांगितलं नसेल.”

“छगनभाऊ,” सुकलाल चाचरत म्हणाला, “पाय पाटीलना, हात पाटीलना... तर मंग...”

“तर मग जुळा भाऊच! सहायकाने तर्क करू नये, सुकलाल. तर्काला सराव लागतो.”

पुढचे तीन दिवस छगन त्या जुळ्या भावाच्या मागावर होता. त्यात शहाद्याच्या बाजारात त्याने एका अनोळखी केळीच्या व्यापाऱ्याला “गिरधरच्या भावा, थांब!” म्हणून धरलं आणि टोपी गमावून परत आला. तोवर आणखी तीन बोल्ट गेले होते. विशेष म्हणजे, मोटारीचं काही दुरुस्त झालं की दुसऱ्या दिवशी बोल्ट जायचा. हॉर्न बसला, पायरीचा बोल्ट गेला. पायरी बसली, मडगार्ड लोंबायला लागलं.

“चोराला प्रगती बघवत नाही,” छगनने वहीत लिहिलं. मग त्याने पेन्सिल चावली, डोळे बारीक केले आणि ते दोन्ही शतकात एकदाच येणारे डोळे सुकलालवर रोखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या खळ्यात पंधरा-वीस माणसं जमवून छगन उभा राहिला.

“मोटारीची मापं कोणाला ठाऊक? जिच्याकडे टेप आहे त्या व्यक्तीला! खळ्यात कोणी हटकणार नाही असा कोण येतो-जातो? गाद्या शिवणारा! आणि कोणाच्या दुकानात बारीकसारीक वस्तूंचा पत्र्याचा डबा आहे?” त्याने बोट उगारलं. “सुकलाल!”

“त्या डबामा बटनं शेतस!” सुकलाल ओरडला.

कोणीतरी हसलं, पण सगळे हसले नाहीत. एक म्हातारा त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. गावात प्रत्येक घरातलं लग्नाचं कापड सुकलालच्या हातून गेलं होतं. चिंधीसुद्धा कधी कमी भरली नव्हती. चार वर्षं होकार दिला, त्याचं हे फळ.

“पाटील, तुमले बी तसंच वाटस का?” त्याने विचारलं.

गिरधर पाटील खाली बघायला लागले.

इतक्यात अनुसयाबाई न्याहारी घेऊन आल्या. भाकरीची टोपली त्यांनी बॉनेटवर ठेवली आणि थबकल्या. हॉर्नच्या बुडाशी एक लाल बोल्ट होता.

“ओ रंजनाना बाप, हाऊ लाल बोल्ट तर चाकना शे. चाकस्ले रंग मीच दिन्हा व्हता. हाऊ आठे कसा उना?”

“मीच लावा,” पाटील म्हणाले. “हॉर्नले बोल्ट नव्हता. इकत कशाले आनाना?”

“मंग चाकले काय लावं?”

“पायरीना काढा, चाकले लावा.”

“आनि पायरीले?”

“मडगार्डना.”

“मडगार्डले?”

पाटलांचा हात हळूहळू डोक्याकडे गेला. दोन महिने बोल्टांची एकच टोळी मोटारीभोवती फिरत होती. एक भोक बुजवून पाटील समाधानाने झोपत आणि सकाळी दुसरं भोक बघून बोंब मारत.

“काटकसर करा, मी नही कोठे म्हनस?” अनुसयाबाई म्हणाल्या. “पन आपलाच घरमा चोरी करीसन कशी काटकसर व्हस?”

मग जे हसू फुटलं त्यात तो म्हातारासुद्धा होता. पाटलांनी पुढे येऊन सुकलालचे दोन्ही हात धरले. “मन्ही चूक व्हयनी, भाऊ. मी तव्हाच बोलाले पाहिजे व्हतं.” ग्रीस सुकलालच्या सदऱ्याला लागलं, त्याने ते पुसलं नाही.

छगनने घसा खाकरला. “खरा चोर बेसावध व्हावा म्हणून मी मुद्दाम सुकलालचं नाव घेतलं.”

“तू पाटी आजच काढी ले,” सुकलाल म्हणाला. चार वर्षांतला त्याचा हा पहिला नकार.

भोकं मोजली, अकरा निघाली. अनुसयाबाईंनी शहाद्याहून अकरा बोल्ट मागवले. सगळे मिळून एका साध्या चोळीच्या कापडाइतकेही पडले नाहीत.

आखाजीच्या सकाळी मोटार तिसऱ्या हँडलला खोकली, पाचव्याला गरजली. पाटलांच्या शेजारी कोणी बसलं नाही. ती जागा रंजनाची. मागे सुकलाल, आणि त्याच्या पाया पडून मिळवलेल्या जागेवर छगन. वाटेत मोटार दोनदा थांबली, एकदा मुलं ढकलायला धावली, एकदा बैल बुजले. म्हसावदच्या वेशीत शिरल्यावर पाटलांनी हॉर्न वाजवला तो थेट व्याह्यांच्या दारापर्यंत.

रंजना बाहेर आली. मोटारीभोवती फिरून तिने बरणीची काच बघितली, लाल बोल्ट बघितले आणि पदर डोळ्यांना लावला. मग सासूकडे वळून म्हणाली, “सांगं नव्हतं का मी?”

परतीच्या रस्त्यावर तिने विचारलं, “बापू, तठे बी खबर उनी व्हती. बोल्टना चोर सापडना का?”

“सापडना,” पाटील म्हणाले. “तोच तुन्ही मोटार चालाडी ऱ्हायना.”

रंजना इतकी हसली, की तिची बांगडी दारावर वाजली. तेवढ्यात मागे रस्त्यावर ‘टण्’ असा आवाज झाला.

छगनने झटकन वही उघडली. सुकलालने ती मिटली.