गळकं पाटलांचं

"वरनं तेल पडतंय बाई. माझं सांडगं वाळायचं सोडून तळाय लागल्यात."

खालच्या बयाबाई जिन्यात स्वतःशीच पुटपुटत होत्या. पण त्यांचं पुटपुटणं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचं, आणि अनुजा तर पहिल्याच मजल्यावर, दाराआड, हातात फडकं घेऊन उभी होती.

राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये झाड म्हणाल तर एक तुळस. तरी गॅलरीत चेनसॉ होता. झाडं तोडायचं, पेट्रोलवर चालणारं नारिंगी मशीन. धाकट्या बहिणीनं, स्नेहलनं, राधानगरीहून नवऱ्याचा मशीन धरलेला फोटो पाठवला होता, मागं फणसांची रांग. अनुजानं तो आपल्या नवऱ्याला, अमरसिंहांना, तीन दिवस जेवताना दाखवला. चौथ्या दिवशी मशीन घरात.

आलं ते गळतच. साखळीला लागणारं चिकट तेल थेंब थेंब झिरपायचं. न्हाणीत ठेवलं, अमरसिंह घसरले. पलंगाखाली ठेवलं, चादर गेली. शेवटी पुरणाची परात त्याच्याखाली गेली. अमरसिंह मात्र दर रविवारी पार्किंगमध्ये मशीन सुरू करून सोसायटीला आवाज ऐकवायचे आणि वर येऊन तेल पुन्हा काठोकाठ भरायचे.

"तुमचं कसं हाय गं मशीन?" अनुजानं फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लई भारी, ताई! एक थेंब गळत न्हाय!"

तो न गळलेला थेंब अनुजाच्या काळजावर पडला. लहानपणी एकाच ताग्यातले दोन फ्रॉक शिवले, तरी रंग तिच्याच फ्रॉकचा जायचा.

रविवारी स्नेहल आणि तिचा नवरा राजवर्धन जेवायला आले, येताना मशीन घेऊन. दोन्ही साडूंना जोडीनं फोटो काढायचा होता. अनुजानं दोन्ही मशिनं लख्ख पुसून टीपॉयवर ठेवली. फोटो झाला, मटण झालं, आणि बाहेर येऊन बघतात तर एका मशीनखालून तेलाचा ओघळ थेट नव्या गालिच्यावर.

"साडूभाऊ, तुमचं गळालंय," अमरसिंह म्हणाले.

"ह्यॅ! आमचं ते कोरडं."

"मग नाव बघा की!"

नाव होतं. भांड्यांवर घालतात तसं अनुजानं मंगळवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून घालून आणलं होतं. स्नेहलनंही आपल्या गावात घातलं होतं. दोन्हीवर एकच: पाटील. दोघी बहिणी दोन गावांत दिल्या, पण पाटलांच्याच घरात.

"आमचा 'पा' गोल हाय," राजवर्धन म्हणाला.

"गोल काय, दोन्ही सारखंच हाईत," अमरसिंह म्हणाले. "कोरडं तुमचं हाय म्हणता, तर घ्या, सुरू करून दाखवा."

राजवर्धनचा चेहरा उतरला. "जेवल्यावर नको. दुपारची माणसं झोपल्यात."

आपलं मशीन कुठलं हे अनुजाला वासावरनं कळत होतं. महिनाभर तिनंच ते पुसलं होतं. पण तिनं पुढं होऊन कोरडं मशीन उचललं आणि सरळ मांडीवर घेतलं. "हे आमचं! बास, विषय संपला."

"ताई, दे की गं."

"न्हाय देत! एकदा तरी चांगलं माझ्या वाट्याला येऊ दे!"

ओघळ टीपॉयवरून टपटपत राहिला. राजवर्धन मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. स्नेहलनं त्याच्याकडं बघितलं, मग ताईच्या स्वच्छ राहिलेल्या साडीकडं.

"ठेव खाली, ताई. आमचंच हाय ते. त्यात तेल घातल्यालंच न्हाय कधी. ह्यांना त्याच्या आवाजाचं भ्या वाटतंय. झाडं अजून आमचा गडी ज्ञानूच कुऱ्हाडीनं तोडतोय."

"मग घेतलंसा कशाला?"

स्नेहल गालिच्यावरच्या डागाकडं बघत म्हणाली, "तू कोल्हापुरात फ्लॅट घेतलास, तवापास्नं पोटात दुखतंय माझ्या. तुझ्याकडं नसंल असं एक तरी कायतरी पायजे हुतं मला."