ढवळे गुरुजींचं सालपट

ढवळे गुरुजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, चहासुद्धा विचारला नाही. सदऱ्याच्या खिशातून तपकिरीची डबी काढली. तिच्यातलं शेंगदाण्याचं एक लालसर सालपट माझ्या तळहातावर ठेवलं, तो हात माझ्याच तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "म्हणा, प."

मी म्हणालो, "प." सालपट जागचं हललं नाही.

"हा आपला मराठी प. गरीब बिचारा. इंग्रजी प फुंकर मारतो. पुन्हा!"

चौथ्या खेपेला सालपट उडालं आणि हेडमास्तरांच्या हजेरीपटावर जाऊन पडलं. "जमेल तुम्हाला," असं म्हणून गुरुजींनी ते उचलून डबीत घातलं आणि वर्गावर निघून गेले. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो, वय एकवीस, पारनेर तालुक्यातली ही माझी पहिलीच नेमणूक. हा गृहस्थ वेडा आहे एवढं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. गावाने ते पूर्वीच ठरवलं होतं.

आमची शाळा चौथीपर्यंत आणि इंग्रजी सुरू व्हायचं पाचवीपासून. म्हणजे आमच्या शाळेशी इंग्रजीचा काडीचाही संबंध नव्हता. तरी गुरुजी पहिलीच्या पोरांना शेवटचा अर्धा तास इंग्रजी शिकवायचे. "पाचवीपर्यंत जिभा ताठ होतात," म्हणायचे. त्यांचे वडील नगरला एका मिशनच्या बंगल्यात माळी होते. तिथल्या मडमेनं लहानपणी गुरुजींना इंग्रजी शिकवलेलं, तेही एबीसीडी न म्हणता नुसत्या आवाजांवर. त्यामुळे इंग्रजी अक्षरांच्या नावांवर त्यांचा भारी राग. "आपला क बघा. नाव क, आवाज क. सरळ माणूस! आणि ह्यांचा तो डब्ल्यू. नावात कुठं व आहे का? लबाड लेकाचा. नाव विचारायचं नाही, आवाज विचारायचा." हेडमास्तरांनी हौसेनं आणलेला एबीसीडीचा तक्ता त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगला होता.

सालपटानंतर नंबर गळ्याचा. प्रत्येक पोराच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून ते आवाज काढायला लावायचे. ब म्हटलं की गळ्यात थरथर होते, प म्हटलं की होत नाही. "ब म्हणजे गिरणी चालू, प म्हणजे गिरणी बंद." मग फळ्यावर तीन अक्षरं लिहायची, पोरांनी एकेक आवाज काढायचा आणि तिन्ही आवाज जोडून शब्द वाचायचा. बॅट, पॉट, टॅप. सहा वर्षांची शेंबडी पोरं खडाखडा वाचायची. एकालाही ए म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

माणूस तसा शिष्टच वाटायचा. मागून कितीही हाका मारा, वळून बघायचे नाहीत. कुणी बोलायला लागलं की म्हणायचे, "तोंड उजेडात!" आणि खांद्याला धरून समोरच्याला दाराकडे फिरवायचे. पाटलांनासुद्धा त्यांनी असं फिरवलं होतं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं, एका खोलीत राहायचे आणि खोलीचं दार सदा सताड उघडं. मला वाटायचं, केवढा हा माणसांवर विश्वास!

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि आमची शाळा रिकामी झाली. मैलभरावर पाझर तलावाचं काम निघालं. आया खडी फोडायला जायच्या आणि पोरं तान्ह्या भावंडांना सांभाळायला. तिथं खायला सुकडी मिळायची. शाळेत काय मिळणार होतं? हेडमास्तर रोज रिकाम्या वर्गाकडे बघून पान लावायचे. गुरुजींनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी गुंडाळी-फळा माझ्या काखेत दिला आणि म्हणाले, "चला." मी फळा वाहायला म्हणून गेलो आणि पुढे रोजच जात राहिलो.

दुपारच्या सुट्टीत एका निष्पर्ण बाभळीखाली वर्ग भरायचा. पोरांच्या ओठांवर सुकडीचं पीठ, पापण्यांवर खडीची धूळ. त्या साली शेंगा झाल्याच नाहीत. डबीत एकच सालपट उरलं होतं, ते पोरं आळीपाळीने उडवायची आणि उडालं की सगळा वर्ग ते शोधायला धावायचा. कांबळ्यांचा तान्हा दगावला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बहीण वर्गात येऊन बसली. पाठीवर कुणी नाही म्हणून तिला धड बसताही येत नव्हतं. गुरुजींनी त्या दिवशी सालपट तिला दोनदा दिलं. मला तर तेवढंही सुचलं नसतं.

तलावावर दिवसातून दोनदा सुरुंग उडवायचे. मुकादम लाल फडकं हलवून ओरडायचा, "बार हाय! बाजूला व्हाऽ!" की सगळे बांधाआड. त्या वेळी एखादं पोर हमखास गुरुजींचं बोट धरून चालायचं. पोरं भितात, गुरुजी त्यांना धीर देतात, असं मी समजत होतो.

चैत्रात तपासणीला साहेब येणार असं कळलं. हेडमास्तरांनी मुकादमाच्या हातापाया पडून एका दिवसापुरती पोरं वर्गात आणली. साहेबांची खुर्ची नेहमी पुढे, गुरुजींच्या टेबलाशेजारी, वर धुतलेला टॉवेल. ही शाळेची रीतच होती. त्या दिवशी पुढे पत्र्याखाली उन्हाने भट्टी पेटलेली, म्हणून मी शहाण्याने ती खुर्ची वर्गाच्या मागे, माठाजवळ नेऊन ठेवली. साहेबांना गारवा मिळेल एवढाच माझा विचार होता.

साहेब मागे बसले. गुरुजी पाठमोरे, फळ्यावर लिहीत होते. "गुरुजी, पहिलीला इंग्रजी कुणाच्या परवानगीने?" साहेबांनी विचारलं. गुरुजी लिहीत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडले, हेडमास्तरांच्या हातातला पेला हिंदकळला, तरी गुरुजी लिहीतच होते.

तेव्हा दुसऱ्या रांगेतली बबी उठली. ही खडी फोडणाऱ्या हिराबाईंची पोरगी, वय सहा, समोरचे दोन दात पडलेले. तिने पुढे जाऊन गुरुजींचं धोतर ओढलं, स्वतः दाराच्या उजेडात तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सायब इचारत्यात, कुनाच्या परवानगीनं?"

साहेब वाईट माणूस नव्हता. ते सावकाश पुढे आले, गुरुजींच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. सगळी पोरं दचकली. गुरुजी बबीच्याच तोंडाकडे बघत होते.

मग नगरच्या दवाखान्यात तपासणी झाली, कागद झाले आणि महिन्याभरात गुरुजी नोकरीला अपात्र ठरले. वर्गात शिकवत होते, पोरं वाचत होती, पण असा रकाना त्या कागदात नव्हता.

मी बबीला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं गं?"

"समद्यांनाच म्हाईत हुतं की," ती म्हणाली. "त्यांला आयकू येत न्हाई म्हनून तर आमी जोरात फुकतो. आन् बार उडायच्या टायमाला आमच्या पाळ्या हायत. सोमवारी किसन्या, मंगळवारी मी. ज्याची पाळी त्यानं गुर्जींचं बोट धरायचं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी हेडमास्तरांला सांगितलं असतं."

खरं होतं. चहा पिता पिता, गंमत म्हणून, मी नक्की सांगितलं असतं.

गुरुजी संगमनेरला पुतण्याकडे जायचे ठरले. निघायच्या आदल्या दिवशी मी खोलीवर गेलो. दार उघडंच होतं, आणि ते का उघडं असतं हे मला तेव्हा कळलं. दारावरची थाप त्यांना ऐकू कुठून येणार? वळकटी बांधता बांधता ते आपणहून बोलले. "आधी स गेला बघा. मग फ गेला. मग बायकांचे आवाज गेले. हिचा शेवटचा शब्द काय होता, मला ठाऊक नाही." थोडा वेळ दोरी आवळत बसले. "मडमेनं दिलेले आवाज तेवढे डोक्यात राहिले होते. तेही पुसायच्या आत पोरांच्या तोंडात ठेवून जायचे होते. सालपट उडालं की पक्कं कळायचं, पोचला म्हणून."

मला रडू येत होतं. मी म्हणालो, "गुरुजी, ती खुर्ची मागे मी ठेवली." पण म्हणालो ते दाराकडे पाठ करून.

"तोंड उजेडात!" गुरुजी म्हणाले.

मी उजेडाकडे वळलो आणि म्हणालो, "तब्येतीला जपा." इतकी वर्षं झाली, अजून स्वतःची चीड येते.

त्यांनी तपकिरीची डबी माझ्या हातात ठेवली. "नीट सांभाळा. यंदा शेंगा नाहीत."

सकाळच्या एसटीने ते गेले. दुपारी फळा काखेत मारून मी एकटाच तलावावर गेलो. बाभळीला फळा टांगला, डबी उघडली, पण पोरांच्या गळ्याला बोटं लावायचं धाडस मला होईना. तेवढ्यात मुकादमाने लाल फडकं हलवलं. "बार हाय! बाजूला व्हाऽ!"

पोरं उठून बांधाकडे पळाली. बबी तेवढी मागे राहिली. ती माझ्याजवळ आली आणि तिने माझं बोट धरलं. "चला, गुर्जी. बार हाय."

"अगं, मला ऐकू येतं," मी म्हणालो.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन आज मंगळवार हाय ना."

मी तिच्याबरोबर बांधाआड गेलो. बार उडून धूळ खाली बसेपर्यंत तिने माझं बोट सोडलं नाही.